आगबोटीचा कोळसा : समुद्रप्रवासाच्या पाठासंबंधी काही सूचना

'वाहतुकीची साधने' हा घटक बहुतेक शाळांत एका तासिकेत आटोपला जातो. बैलगाडी, आगगाडी, मोटार, जहाज, विमान अशी नावे फळ्यावर लिहिली जातात, जेम्स वॅटचे नाव सांगितले जाते, आणि 'वाफेच्या शक्तीचा शोध लागला व जहाजे समुद्र ओलांडू लागली' असे एक वाक्य विद्यार्थ्यांच्या वहीत उतरते. हे वाक्य अगदीच खोटे नाही. परंतु त्याच्या दोन अर्ध्यांमध्ये जवळजवळ सत्तर वर्षे गाळलेली आहेत. वॅटने आपल्या यंत्राचे पेटंट १७६९ साली घेतले. नद्यांवर वाफेच्या नावा १८०७ पासून उतारू नेऊ लागल्या. आणि महासागर ओलांडून नियमित ये-जा करावयाची याच हेतूने बांधलेले पहिले वाफेचे जहाज १८३८ साली निघाले. यंत्र हाती होते, नदीवर ते चालतही होते. मग समुद्रावर येण्यास त्याला इतकी वर्षे का लागावीत?

हा प्रश्न इयत्ता सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये. माझ्या मते या संपूर्ण घटकात विद्यार्थ्यांस विचार करावयास लावणारा हा एकच प्रश्न आहे, आणि नेमका तोच आपल्या हातून निसटतो. त्याचे उत्तर यंत्रात नाही, कोळशात आहे. नदीवरील नावेला जळण संपले तर ती काठाला लागते, लाकूडफाटा भरते व पुढे जाते. समुद्राला असा मधला काठ नसतो. जेवढे जळण बरोबर घेतले तेवढ्यातच पैलतीर गाठावयाचा असतो.

आपल्या तालुक्यातील मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून हा पाठ त्यांना परका वाटेल, अशी शंका काही शिक्षक व्यक्त करतात. मला ती रास्त वाटत नाही. नर्मदाकाठच्या गावांतील मुले सरदार सरोवराच्या पाण्यावरून यांत्रिक नावेने जातात. नाव निघण्यापूर्वी नावाडी डिझेलचा डबा तपासतो, हे त्यांनी पाहिलेले असते. काठापासून दूर असलेल्या पाड्यांवरील मुलांचाही अनुभव कमी नाही. अस्तंबा यात्रेस निघणारी मंडळी किती दिवसांची भाकरी बांधून घेतात? ऊसतोडीस गुजरातेत जाणारे कुटुंब घरचे किती धान्य बरोबर नेते? कमी नेले तर वाटेत ओढ लागते. फार नेले तर त्याचेच ओझे होऊन चाल मंदावते. हे ज्या मुलाने स्वतःच्या खांद्यावर अनुभवले आहे, त्याला आगबोटीची अडचण मुंबईच्या मुलापेक्षा लवकर कळेल.

प्रारंभ शब्दापासून करावा. मराठीत या जहाजाला 'आगबोट' म्हणत. आगगाडी आणि आगबोट ही दोन्ही नावे ज्या लोकांनी पाडली, त्यांच्या नजरेस वाफ पडली नाही, आग पडली. आत भट्टी पेटलेली आहे, तिला सतत काही तरी घालावे लागते, ही गोष्ट त्यांनी नेमकी हेरली. पावरी व भिली बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत वाफेला, धुराला व जाळाला कोणते शब्द आहेत ते विचारावे व फळ्यावर मांडावे. वाफ आणि धूर या दोन निराळ्या वस्तू आहेत, हेही तेथेच स्पष्ट होईल. जहाजाच्या उंच धुराड्यातून निघणारा तो धूर असतो, वाफ नव्हे. पुष्कळ मोठ्या माणसांचाही येथे घोटाळा होतो.

यानंतर गोष्ट सांगावी, आणि ती अटलांटिक महासागराची न सांगता प्रथम मुंबईची सांगावी. १८२५ साली 'एंटरप्राइज' नावाचे वाफेचे जहाज इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून कलकत्त्यास आले. त्यास ११३ दिवस लागले व त्यांपैकी बरेच दिवस ते शिडांवरच चालले. एवढा खर्च करून शिडाच्या जहाजाहून फारसा वेळ वाचला नाही, म्हणून या मार्गाविषयीचा लोकांचा उत्साह मावळला. मुंबईच्या मंडळींच्या मनात मात्र दुसरा मार्ग होता : मुंबईहून अरबी समुद्र व तांबडा समुद्र ओलांडून सुएझ, तेथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया, आणि पुढे भूमध्य समुद्रातून युरोप.

यासाठी मुंबईच्याच गोदीत नौरोजी जमशेटजी वाडिया या कुशल जहाजबांधणीकाराने 'ह्यू लिंडसे' हे जहाज बांधले. १४ ऑक्टोबर १८२९ रोजी ते पाण्यात उतरविण्यात आले. जहाज सागवानी, ४११ टनांचे. यंत्रे मात्र इंग्लंडहून आणलेली, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन. दोन्ही बाजूंस मोठी चक्रे. पाण्याच्या रहाटासारखी, पण उलट्या कामाची. रहाटाला पाणी फिरविते. येथे चक्र पाण्याला मागे लोटते व जहाज पुढे जाते. २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन याच्या हुकमतीखाली हे जहाज मुंबईहून सुएझकडे निघाले.

आता त्यातील मेख पाहावी. जहाजाच्या कोठारात सुमारे साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती, आणि पहिले कोळशाचे बंदर एडन सुमारे १,६४० सागरी मैलांवर, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून थोडे अधिक दूर होते. तेथे पोहोचावयास अकरा दिवस लागणार होते. तेव्हा उरलेला कोळसा ठेवावयाचा कोठे? तो उतारूंच्या खोल्यांत भरला, दिवाणखान्यात भरला, डेकवर रचला. जहाज इतके खोल बसले की चक्रे पाण्यात बुडून नीट फिरेनात. अकराव्या दिवशी ते एडनला लागले तेव्हा जहाजावर अवघ्या सहा तासांचा कोळसा उरला होता. विद्यार्थ्यांस येथे थोडा वेळ द्यावा. अकरा दिवस म्हणजे २६४ तास. वेग ताशी सुमारे साडेअकरा किलोमीटर, साध्या सायकलीइतका. आणि २६४ तासांच्या प्रवासाअंती हाती सहा तासांची शिल्लक!

जहाज २२ एप्रिलला सुएझला पोहोचले. एकूण तेहेतीस दिवस लागले. परंतु त्यांपैकी प्रत्यक्ष चालण्याचे दिवस सुमारे एकवीस होते. उरलेले बहुतेक दिवस एडन व पुढील बंदरांत कोळसा चढविण्यात गेले. हा कोळसा तेथे आला कसा, असा प्रश्न एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील. न विचारल्यास शिक्षकाने विचारावा. एडनच्या बंदरात तो शिडाच्या जहाजांनी अगोदर नेऊन टाकलेला होता. मुंबईत लागणारा कोळसाही त्या काळी मुख्यत्वे इंग्लंडहून शिडाच्या जहाजांतूनच येई. म्हणजे वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांनी ओझे वाहिले, तेव्हा कोठे वाऱ्याची पर्वा न करणारे जहाज चालले. नवे साधन जुन्या साधनाला एका दिवसात हुसकावून लावते, अशी समजूत मुलांच्या मनात असते. ती येथे आपोआप दुरुस्त होते.

आणखी एक परिणाम इतिहासाच्या तासाला उपयोगी पडेल. कोळसा ठेवावयास हक्काचे ठिकाण हवे, ही निकड एडनवर इंग्रजांची नजर जाण्यामागील मोठ्या कारणांपैकी एक होती. जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या सैन्याने एडन घेतले, आणि पुढे १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालला. पुढील काळात जगाच्या नकाशावर इंग्रजी सत्तेची जी ठिपक्यांसारखी बंदरे दिसतात, त्यांतील कित्येक कोळशाची कोठारे होती. नकाशावर मुंबई, एडन, सुएझ, माल्टा व जिब्राल्टर ही ठिकाणे दोऱ्याने जोडून दाखवावीत. दोन ठिकाणांमधील दोऱ्याची लांबी म्हणजे त्या काळच्या भट्टीचा पल्ला होय.

यंत्राचे कार्य शिकविताना 'वाफ दट्ट्याला ढकलते' एवढेच सांगण्याची रीत आहे. पुढच्या काळातील यंत्रांस ते लागू पडते. परंतु १८३० च्या सुमाराच्या जहाजांवरील बाष्पकात वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून थोडासाच अधिक ठेवीत. त्याहून अधिक दाब सोसण्याजोगे बाष्पक तेव्हा जहाजावर वापरीत नसत. मग जोर येई कोठून? यासाठी एक प्रयोग वर्गात करून दाखवावा. पातळ प्लॅस्टिकची रिकामी पाण्याची बाटली घ्यावी. तीत थोडे कढत पाणी घालून (हे काम शिक्षकाने स्वतः करावे) बाटली हलवावी, पाणी ओतून टाकावे, झाकण त्वरित घट्ट लावावे व बाटली थंड पाण्यात धरावी. बाटली चेपते. आतील वाफ थंड होऊन तिचे पाणी झाले, जागा रिकामी पडली, आणि बाहेरच्या हवेने बाटलीच्या भिंती आत लोटल्या. हवेचा हा दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम असतो. त्या जुन्या यंत्रांत नळकांड्याच्या एका अंगाची वाफ अशीच थंड करून पोकळी निर्माण करीत, आणि दट्ट्याला बसणाऱ्या जोराचा मोठा भाग या पोकळीमुळे मिळे. वाफेला ढकलण्यापेक्षा नाहीशी होण्याचे कामच अधिक होते, असे म्हटले तर मुले हसतात आणि विसरत नाहीत.

वाफ थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी तीतच फवारीत, आणि ते मिसळलेले खारे पाणी पुन्हा बाष्पकात जाई. याचा दोष कोणता? जुन्या तव्यात मिठाचे पाणी आटवून तळाशी बसलेला थर दाखवावा. बाष्पकातही असाच थर धरे. त्यामुळे उष्णता आत पोहोचेना, कोळसा अधिक जळे, आणि पत्रा तापून फुटण्याचे भय निर्माण होई. म्हणून थोड्या-थोड्या वेळाने आतील दाट खारे पाणी सोडून द्यावे लागे. म्हणजे तापविलेले पाणी, व ते तापविण्यास जाळलेला कोळसा, दोन्ही समुद्रात. इतके करूनही दर काही दिवसांनी आग विझवून आतील खपल्या छिन्नीने काढाव्या लागत. तोवर जहाज शिडांवर चाले. सुरुवातीच्या सर्व आगबोटींना शिडे का होती, याचे हे एक कारण. दुसरे कारण अर्थातच कोळशाची काटकसर. आपल्याकडील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापुढे तर या दुबळ्या यंत्रांचे काही चालत नसे. म्हणून ऐन पावसाळ्यात मुंबईहून पश्चिमेकडील फेऱ्या घालणे कठीणच होते.

आता गणिताकडे वळावयाचे. येथे पाठाचा गाभा आहे व त्यास स्वतंत्र तासिका द्यावी. जहाज मोठे केले तर कोळसाही अधिक लागेल, मग फायदा काय, असा आक्षेप त्या काळी जाणत्या लोकांनीही घेतला होता. इसांबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंग्रज अभियंत्याने त्याचे उत्तर दिले. ते उत्तर समजण्यास मातीचे किंवा लाकडाचे नऊ सारखे ठोकळे पुरतात. एक ठोकळा बाजूस ठेवावा व तसल्याच आठ ठोकळ्यांचा एक मोठा ठोकळा रचावा. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. आत मावणारा माल आठपट झाला; परंतु एका बाजूचे तोंड चारपटच झाले. जहाजाला पाणी अडविते ते त्याच्या बाहेरील अंगाला, आतल्या पोकळीला नव्हे. तेव्हा वेग तोच ठेवला, तर दुप्पट मापाच्या जहाजास ढोबळ मानाने चारपट जोर, म्हणजे चारपट कोळसा लागतो. पण कोठार आठपट होते.

पुढील उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. त्यातील आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत, हे विद्यार्थ्यांस सांगावे. एका जहाजास रोज २० टन कोळसा लागतो व कोठारात ११० टन मावतो. ते किती दिवस चालेल? साडेपाच दिवस. पुढील बंदर अकरा दिवसांवर असेल तर किती कोळसा कोठाराबाहेर रचावा लागेल? ११० टन. आता त्याच आकाराचे दुप्पट मापाचे जहाज बांधले : कोठार ८८० टनांचे, रोजची गरज ८० टनांची. किती दिवस चालेल? बरोबर अकरा दिवस. दिवाणखान्यात एकही पोते न ठेवता ते पैलतीरास जाईल. घन व वर्ग यांचा उपयोग काय, असे जे विद्यार्थी विचारतात, त्यांना याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

ब्रुनेलने बांधलेले 'ग्रेट वेस्टर्न' जहाज ८ एप्रिल १८३८ रोजी इंग्लंडच्या ब्रिस्टल बंदरातून निघून २३ एप्रिलला न्यूयॉर्कला पोहोचले. पंधरा दिवस लागले, आणि सुमारे दोनशे टन कोळसा शिल्लक उरला. त्याच्या आदल्याच दिवशी 'सिरियस' हे आकाराने पुष्कळ लहान जहाज आयर्लंडहून अठरा दिवसांत तेथे पोहोचले होते. त्याची शिल्लक मात्र फारच थोडी होती. या जहाजाने शेवटी आपले सामानसुमान व खुर्च्या-टेबले भट्टीत घातली, अशी एक कथा पुस्तकांतून वाचावयास मिळते. ती रंजक असली तरी खरी म्हणून वर्गात सांगू नये. संशोधकांनी ती ग्राह्य मानलेली नाही. शर्यत सिरियसने जिंकली, पण पुढचा मार्ग कोणाच्या शिलकीने दाखविला, हे विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवावे.

बाजूच्या चक्रांऐवजी जहाजाच्या पाठीमागे पाण्याखाली मळसूत्री पंखा बसविणे ही पुढील मोठी सुधारणा. चक्रांची खोड अशी की, प्रवासाच्या आरंभी कोळशाच्या भाराने ती फार बुडत आणि अखेरीस जहाज हलके झाल्यावर पाण्यावर उचलली जात. जहाज कलंडले की एक चक्र हवेत फिरे. पंखा सदैव पाण्याखाली राही. एप्रिल १८४५ मध्ये इंग्रजी आरमाराने 'रॅटलर' हे पंख्याचे व 'अलेक्टो' हे चक्रांचे जहाज दोराने पाठीस पाठ बांधून एकमेकांविरुद्ध चालविले आणि रॅटलरने अलेक्टोला मागे ओढीत नेले. रस्सीखेच खेळणाऱ्या मुलांना एवढे वर्णन पुरे होईल. त्याच सुमारास लाकडाऐवजी लोखंडी सांगाडे आले. लोखंडामुळे जहाजाची लांबी वाढविता आली, आणि लांबी वाढली की वर सांगितलेले गणित अधिकच अनुकूल झाले.

परंतु कोळशाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो संयुक्त यंत्रामुळे. वाफ एका नळकांड्यात काम करून सुटली म्हणजे तिच्यात अजून जोर उरलेला असतो. ती दुसऱ्या मोठ्या नळकांड्यात नेऊन तिच्याकडून पुन्हा काम घ्यावयाचे, ही त्यामागील कल्पना. यास अधिक दाबाची वाफ लागते, अधिक दाबास मजबूत बाष्पक लागतात, आणि बाष्पक टिकावयाचे तर त्यांत गोडे पाणी हवे. म्हणून वाफ आता समुद्राच्या पाण्यात न मिसळता, थंड नळ्यांच्या बाहेरून खेळवून निराळी थंड करू लागले व तेच गोडे पाणी पुन्हा पुन्हा वापरू लागले. जुन्या एकेरी यंत्रास प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला चार-पाच पौंड कोळसा लागे. संयुक्त यंत्राने तो दोन-अडीच पौंडांवर आणला, आणि १८८१ पासून प्रचारात आलेल्या तिहेरी यंत्राने दीड पौंडाच्या आसपास. (एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.) १८६६ साली लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टचे 'अ‍ॅगमेम्नॉन' जहाज वाटेत कोठेही कोळसा न घेता मॉरिशसपर्यंत, सुमारे साडेआठ हजार मैल, गेले. ह्यू लिंडसेचे १,६४० मैल व हे साडेआठ हजार मैल फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत. मधल्या छत्तीस वर्षांत काय घडले, ते निराळे सांगावे लागणार नाही.

यानंतर १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. केप ऑफ गुड होपच्या मार्गाने मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे १०,७०० सागरी मैल. कालव्यातून सुमारे ६,३००. अरुंद कालवा व तांबड्या समुद्रातील प्रतिकूल वारे यांमुळे शिडाच्या जहाजांना या मार्गाचा फारसा लाभ नव्हता. आगबोटींना मात्र हा राजमार्गच मिळाला. मुंबई बंदराची पुढील भरभराट या तारखेशी निगडित आहे. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठ्ठावन्न दिवसांत अर्ध्या जगाचा प्रवास, तोही वाऱ्याची वाट न पाहता. आनंदीबाईंचे चरित्र मुलींना सांगताना त्यांच्या धैर्याचे वर्णन आपण योग्य तेच करतो. त्याबरोबर या प्रवासाचा मार्ग पृथ्वीच्या गोलावर काढून घ्यावा, ही माझी विशेष सूचना आहे.

आजवर आपण कोळसा जहाजात चढविला, मोजला व वाचविला. पण तो भट्टीत घालीत कोण होते? पाठातील हा भाग बहुधा कोणी शिकवीत नाही. १९१२ सालच्या 'टायटॅनिक' जहाजाचे नाव मुलांनी चित्रपटामुळे ऐकलेले असते. त्या जहाजावर २९ बाष्पक व १५९ भट्ट्या होत्या, आणि दिवसाला सहाशे टनांहून अधिक कोळसा लागे. दहा टनांचा एक याप्रमाणे साठ ट्रक. हा सर्व कोळसा फावड्यांनी, माणसांच्या हातांनी, रात्रंदिवस भट्ट्यांत पडत होता. एक जण कोठारातून हातगाडीने कोळसा आणी, दुसरा तो भट्टीत फेकी, राख ओढी, निखारा सारखा करी. चार तास काम व आठ तास विश्रांती, अशा पाळ्या चालत. मुंबईहून जाणाऱ्या जहाजांवर या लोकांस आगवाले व कोळसावाले म्हणत. तांबड्या समुद्रातील उन्हाळ्यात भट्टीखान्यातील उष्णता पन्नास अंश सेल्सियसच्या घरात जाई. या जहाजांवरील आगवाले पुष्कळदा पंजाब व वायव्य सरहद्दीकडील असत. डेकवरील खलाशी, तांडेल व सारंग यांत रत्नागिरीकडील कोकणी माणसे मोठ्या संख्येने होती. स्वयंपाकघरात व उतारूंच्या सेवेत गोवेकर. वर दिवाणखान्यात वाद्ये वाजत असता खाली तीन-चार मजल्यांवर हे काम चाले. ह्यू लिंडसेच्या बांधणाऱ्याचे व कप्तानाचे नाव आपणांस सांगता येते; अकरा दिवस तिच्या भट्टीपुढे उभे राहिलेल्यांची नावे पुस्तकांत येत नाहीत. ज्या मुलांचे आईवडील कोयता घेऊन परमुलखात जातात, त्यांच्या वर्गात हे वाक्य सांगताना शिक्षकाने पुढे काही जोडू नये. मुले आपले बोलतील.

विसाव्या शतकात दट्ट्याच्या यंत्राची जागा पार्सन्स याच्या वाफेच्या चक्रीने, म्हणजे टर्बाइनने, घेतली. आणि पहिल्या महायुद्धानंतर भट्ट्यांत कोळशाऐवजी तेल जाळू लागले. तेल नळाने येते, त्याला फावडे लागत नाही. मोठ्या जहाजांवरील आगवाल्यांची शेकड्यांची फौज काही वर्षांतच ओसरली. या भागास पाच मिनिटे पुरेत.

पाठाची वेळ ठरविताना ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन लक्षात घ्यावा. या तारखेस १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. परदेशी कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या मार्गावर हिंदी मालकीच्या कंपनीने पाऊल टाकले, म्हणून हा दिवस १९६४ पासून पाळला जातो. जहाज मात्र नवे नव्हते. ते १८९१ साली 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने सेवेत आले व पॅसिफिक महासागरात कॅनडा आणि चीन यांच्या दरम्यान चालले. पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते घेऊन महायुद्धात इस्पितळ-जहाज म्हणून दिले. आणि त्यानंतर ते या कंपनीकडे आले. कंपनीच्या नावातील 'सिंदिया' तेथूनच आले आहे. दोन मळसूत्री पंखे, तिहेरी यंत्रे, कोळशाच्या भट्ट्या, लांबी सुमारे १३९ मीटर : वर सांगितलेल्या बहुतेक सुधारणा या एका जहाजात पाहावयास मिळतात. १९२३ साली ते मोडीत निघाले.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेची धांदल असते, याची जाणीव आहे. म्हणून ठोकळ्यांचे गणित व बाटलीचा प्रयोग मार्चमध्येच उरकून घ्यावेत आणि ५ तारखेस केवळ मोजणी ठेवावी. डोंगरउतारावरील आपल्या शाळांच्या अंगणात १३९ मीटर लांबी बहुधा मावणार नाही. पाड्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर दोरीने मापून दोन्ही टोकांस दगड मांडावेत. 'ग्रेट वेस्टर्न'ची लांबी सुमारे ७२ मीटर होती. तोही दगड मध्ये मांडावा. मापे मुलांनीच घ्यावीत. वरच्या वर्गातील मुलांना संयुक्त यंत्राचे उदाहरण घरी सोडविण्यास द्यावे : ८८० टनांचे कोठार तेच, परंतु कोळशाची रोजची गरज निम्मी झाली, तर जहाज किती दिवस चालेल? उत्तर बावीस दिवस. मात्र निम्म्या कोळशात अकराच दिवस जावयाचे ठरविले, तर कोठारात किती टनांची जागा मोकळी होईल व तेथे काय भरता येईल, हा त्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मुलांनी आपापल्या मनाने लिहावे.